पहिल्या सीटचा दावा

रेवा आणि ओम,

तुम्ही तिकडे परदेशात असलात तरी तुमची पुण्याची आजी तुम्हाला रोज झोपताना फोनवरून गोष्ट सांगते, असे तुमच्या आईने फोन केला की कळते. कळते, आणि मी फोन ठेवून स्वयंपाकघरातले डबे पुन्हा ओळीत लावायला घेते. डबे आधीच ओळीत असतात. म्हणून इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाचे अनुभव लिहा’ असे म्हटल्याबरोबर मी हो म्हणाले. सांगितलेल्या गोष्टीपेक्षा छापलेली गोष्ट वरचढ असते, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुण्याच्या आजींचे अजून काही छापून आलेले नाही.

कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर मी काही वर्षे जिल्हा ग्राहक मंचात होते, ते ठाऊक नाही. मंच म्हणजे एक छोटे न्यायालयच, पण तिथे स्टॅम्पपेपर लागत नसे आणि वकील केलाच पाहिजे असेही नव्हते. साध्या कागदावर लिहून द्यायचे, की मी अमुक वस्तू घेतली, ती अशी निघाली, दुकानदार दाद देत नाही. समोर बसायचे तिघे. मधे अध्यक्ष, ते निवृत्त न्यायाधीश. दोन बाजूंना दोन सदस्य, आणि त्यातली एक बाई असलीच पाहिजे असा कायदा. ती बाई मी.

दुसरे सदस्य वकील होते. आदेश लिहायचे काम अध्यक्ष त्यांच्याकडे देत, आणि लिहून झाला की इंग्रजी तपासायला माझ्याकडे. त्यांची आर्टिकल्स जागेवर बसवायची, क्रियापदे सरळ करायची आणि खाली सही करायची. सही नेहमी तिसरी. मी कधी बोलून दाखवले नाही, पण त्यांच्या व्याकरणाच्या चुका मी गरजेपेक्षा जरा जाड लाल रेघेने खोडत असे.

मंचात बसून मला एक गोष्ट कळली. वस्तू बिघडली म्हणून माणूस दुकानदारापर्यंत जातो. शेजाऱ्याची बिघडली नाही म्हणून तो मंचापर्यंत येतो. मिक्सरची तक्रार घेऊन आलेल्या बाईला विचारले, की दुकानदार नवा द्यायला तयार आहे, मग भांडण कशाचे? ती म्हणाली, ‘जावंनं बी त्याच दुकानातनं घेतलाय. तिचा कसा चालतोय?’ लग्नाची कॅसेट घेऊन एक नवरदेव आला होता. त्याची तक्रार अशी, की कॅसेटभर त्याचा मेहुणाच दिसतो. आम्ही ती पाहिली. मेहुणा खरेच देखणा होता.

तर अशा त्या मंचासमोर एके दिवशी बाबूराव आले.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचे, अंगाने आडवे, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. त्यांनी वडापसाठी जीप बुक केली होती. एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांना गोळा करून नेणारी जीप म्हणजे वडाप. तुमच्याकडच्या शटलसारखीच, फक्त दाराला लटकून यायची सोय जास्त. पैसे त्यांनी पूर्ण भरले होते. दसऱ्याला मिळायची गाडी शिमग्याला मिळाली. दसऱ्यापासून होळीपर्यंत म्हणजे अख्खा हिवाळा. तक्रार सरळ होती. पण नुकसानभरपाई किती हवी ती जागा त्यांनी कोरी सोडली होती.

अध्यक्षांनी विचारले, ‘भरपाई काय मागता?’

‘पैशाचं काय न्हाई सायेब. हणमंतरावाची गाडी तेवढंच दिवस शोरूममधी उभी करा. दसरा ते शिमगा.’

‘हे हणमंतराव कोण?’

‘माझं साडू की!’

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. इंग्रजीत ह्याला वेगळा शब्द नाही. दोन बहिणींचे नवरे एकमेकांवर किती बारीक लक्ष ठेवून असतात, हे इंग्रजांच्या ध्यानात आले नसावे. ‘ह्यांना आधी मोटारसायकल, मग मला’ असे म्हणत हे दोन साडू संसारभर एकमेकांच्या पुढे-मागे धावत आले होते. आणि हे लक्षात घ्या, की कोल्हापुरात ईर्षा हा अवगुण मानत नाहीत. फुटबॉलची मॅच असो, तालमीची कुस्ती असो की नुसता तांबडा रस्सा, ‘ईर्षेनं केलं’ म्हणजे चांगले केले.

ह्या वेळची ईर्षा सासूबाईंनी पेटवली होती. शेवंताबाई त्यांचे नाव, जावई त्यांना मामी म्हणत. वारणानगरच्या कामगार वसाहतीत त्या मुलाकडे राहत. त्या एकदा सहज म्हणाल्या, ‘ज्या लेकीची गाडी आधी यील, तिच्यात पुढं बसून मी सौंदत्तीला यल्लम्माला जानार.’ सासूने सहज बोललेले जावई सहज घेत नाहीत. नागपंचमीला बाबूरावांनी जीप बुक केली. बातमी थोरल्या लेकीच्या सासरी, बिद्रीकडे, पोचली, आणि दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा हणमंतराव त्याच शोरूममध्ये जाऊन तीच जीप, तोच पांढरा रंग बुक करून आला.

पुढचे बाबूरावांच्या तोंडून ऐका.

‘भादव्यात निरोप आला, गाडी आलीया. गेलतो बघाय. पांढरीधोट! पण पितृपंधरवडा सुरू. त्यात कोन नवं कापड सुदीक घेत न्हाई, मी गाडी कशी दारात आनू? म्हटलं, घटस्थापनेला नेतो, तंवर हितंच ऱ्हाऊ द्या. पूजा करता येत नव्हती. पर मामींनी करून दिलेला काळा गोंडा खिशात हुता, नजर लागू नये म्हणून. तेवढा स्टेरिंगच्या खाली बांधला आनि आलो. घटस्थापनेला जातोय, तर म्यानेजर म्हनतोय, तुमची गाडी कंपनीतनं आलीच न्हाई. आवं, मी हात लावून आलतो तिला!’

आणि दसऱ्याला वारणानगरच्या वसाहतीसमोर झेंडूच्या माळा घालून हणमंतरावांची पांढरी जीप उभी राहिली. पुढच्या सीटवर मामी. मार्गशीर्षात ती सौंदत्तीला जाऊनसुद्धा आली. बाबूरावांची बायको शालन त्या यात्रेला गेली नाही. तेव्हापासून दोघी बहिणींचे बोलणे बंद.

‘पेढं धाडलंतं त्येंनी,’ बाबूराव म्हणाले. ‘म्हशीला घातलं.’

शोरूमच्या वतीने एक चलाख वकील उभे होते. त्यांचा पहिला मुद्दा, की जीप धंद्यासाठी घेतली, म्हणजे बाबूराव ग्राहकच नाहीत. हा मुद्दा आमच्याकडे नेहमी येई. कायदा असा, की माणूस ती वस्तू स्वतः चालवून पोट भरणार असेल तर तो ग्राहकच. अध्यक्षांनी विचारले, ‘गाडी चालवणार कोण? ड्रायव्हर ठेवलाय?’ बाबूराव दुखावले. ‘दुसऱ्याला हात लावू दीन व्हय मी?’ तो मुद्दा तिथेच संपला.

दुसरा मुद्दा, की दसऱ्याआधी बाबूरावांची गाडी आलीच नव्हती. ‘तक्रारदाराकडे पुरावा काय? तर गोंडा! तोही आता कुठे आहे, त्यांना माहीत नाही.’ सगळे हसले. मग तिसरा. ‘साहेब, खरा प्रकार असा आहे, की साडूची गाडी आधी आली म्हणून ह्यांचा जळफळाट झालाय. मानसिक त्रासाबद्दल भरपाई देता येते. जळफळाटाबद्दल देता येत नाही.’

अध्यक्षांनी मान हलवली. दुसऱ्या सदस्यांनी ते टिपून घेतले. आणि माझ्या तोंडून निघून गेले, ‘जळफळाट हा मानसिक त्रास नाही, हे वकीलसाहेबांनी कशावरून ठरवले?’

मी अशी मधे बोलत नसे. पण रेवा, ते तुझ्या जन्माचे वर्ष होते.

पहिले बाळंतपण लेकीच्या आईने करायचे, ही आपल्याकडची रीत. कायद्यात नाही, पण कायद्यापेक्षा जुनी. मी डिंकाचे लाडू वळले, खारीक-खोबरे कुटले, माझ्या मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी शिवली. आणि माझा व्हिसा अडकला. पुण्याच्या आजींचा आधीचाच होता. त्या जावयाच्या आई, त्यांचा हक्क दुसरा. पण विमानात त्या पहिल्या बसल्या. दुपटी तेवढी मी तिकडे निघालेल्या एका ओळखीच्यांबरोबर पुढे पाठवली. तुला पहिली अंघोळ त्यांनी घातली, पहिली तीट त्यांनी लावली, टाळूवर पहिले तेल त्यांनी घातले, आणि हे सगळे त्यांनीच मला फोन करून आनंदाने सांगितले. मी ‘वा, वा, छान’ म्हणत होते. मला नक्की काय होत होते ते नीट सांगता येत नव्हते. साऱ्या इंग्रजी साहित्यात त्यावर पानेच्या पाने आहेत, मी ती शिकवली होती. पण नेमके सांगितले ते बाबूरावांनी. त्या दिवशी मी त्यांना विचारले, ‘तुम्हाला नक्की काय होते, सांगा पाहू.’ ते छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘बाई, हितं जळतंय. पानी पिऊन जात न्हाई. गाडी मिळाली तरी जाईना झालंय. मामी एकदाच पयल्यांदा बसनार हुत्या. ती पयली सीट गेली की वो!’

मी अध्यक्षांना म्हटले, ‘ह्या मामींनाच बोलावून विचारू या.’

‘त्या काय सांगणार?’ दुसरे सदस्य म्हणाले. ‘उगीच एक तारीख जाईल.’

‘जाऊ दे,’ मी म्हटले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले आणि होकार दिला. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला असता. माझा आवाज वर्गातला झाला होता.

पुढच्या तारखेला शेवंताबाई आल्या. सडसडीत, हिरवे इरकली लुगडे, कपाळाला रुपयाएवढे कुंकू, कमरेला पानाची चंची. मागच्या बाकावर हणमंतरावही येऊन बसले होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. साडूची फजिती बघायला बोलावणे लागत नाही. शपथ घ्या म्हटल्यावर शेवंताबाई म्हणाल्या, ‘खोटंच बोलायचं आसतं तर घरात बसून बोलले आस्ते. एसटीनं हितवर कशाला आले आस्ते?’

वकिलांनी हसत सुरुवात केली. ‘मावशी, दसऱ्याला हणमंतरावांनी आणलेल्या गाडीत तुम्ही बसलात ना?’

‘बसले की.’

‘पहिल्यांदाच बसलात?’

‘न्हाई.’

इथे थांबायला हवे होते. चांगला वकील थांबला असता. हे चलाख होते.

‘मग त्याआधी कधी?’

‘थोरलीकडं म्हाळाला गेलते, बिद्रीकडं. पितरांचं जेवान, हाताखाली मानूस पायजे म्हणून. दुपारी हात मोकळं झालं, तशी त्येंच्या गुऱ्हाळाकडं गेले. गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू व्हतंय, तंवर तिथं कुत्रं सुदीक न्हाई. बघतीया तर ताडपत्रीखाली काय तरी मोठं झाकल्यालं. उचलून बघितलं. पांढरी गाडी! म्हटलं, दसऱ्याला आननार आसतील, पंधरवड्यात आनली म्हणून लोकं नावं ठिवत्याल, म्हणून लपवलीया. मग आत चढले, पुढं बसले. गादी मऊ हाय का बघावं म्हटलं.’

कुणीतरी हसले. शेवंताबाई नाही.

‘उतरताना वाकले, तर स्टेरिंगच्या खाली माझा गोंडा.’

त्यांनी चंची सोडली. सुपारी बाजूला सारली, चुन्याची डबी बाजूला सारली आणि तळातून एक काळा गोंडा काढून आमच्या टेबलावर ठेवला. काळ्या लोकरीचा, वर लाल दोरा, दोऱ्यात यल्लम्माची एक कवडी.

बाबूराव उभेच राहिले. ‘ह्योच! सायेब, ह्योच!’

‘बसा,’ अध्यक्ष म्हणाले. पण ते स्वतःही पुढे वाकून बघत होते.

वकिलांचा आवाज चढला. ‘तुम्हाला तेव्हाच कळले, तर तेव्हा का बोलला नाहीत?’

‘दोन्ही लेकी माझ्याच न्हवं? एकीच्या दारात दिवा लावाय दुसरीचं घर पेटवू व्हय? गोंडा सोडून घेतला नि गप बसले. सौंदत्तीला जाऊन आले, तिथं बी देवीम्होरं गपच बसले. पर तुमी आज म्हनताय गाडी आलीच नव्हती. म्हंजी माझा जावय खोटारडा. जळका म्हना, हाय त्यो जळका. खोटारडा न्हाई.’

मग त्या बाबूरावांकडे वळल्या. आम्ही तिघे, वकील, शिपाई, कुणीच त्यांच्या लेखी तिथे नव्हते.

‘पावणं, उगं जळत बसलाय तुमी. मी पयली बसले ती तुमचीच गाडी. तुमच्या बी आधी बसले.’

बाबूरावांनी टोपी काढली आणि तिने डोळे पुसले. इस्त्री मोडली. मागच्या बाकावरून हणमंतरावांचा आवाज आला.

‘मामी, मग दसऱ्याला बसलासा ती?’

‘ती बी त्येंचीच.’

‘आनि सौंदत्तीला?’

‘त्येंच्याच गाडीतनं गेले.’

‘मग माझ्या गाडीत कवा बसलासा?’

‘तुमची कुठं हुती पावणं? तुमची शिमग्याला आली. ती बाबूरावांच्या दारात हाय.’

हणमंतरावांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. आजवरच्या आयुष्यात इतक्या कमी वाक्यांत मालकी बदललेली मी पाहिली नाही.

वकिलांनी तारीख मागितली. पुढच्या वेळी मॅनेजर स्वतः आले आणि त्यांनी मान्य केले, की गाडी आली होती. हणमंतराव लगेच न्यायला तयार होते, म्हणून ती त्यांना दिली. गाडी पडून राहायला नको म्हणून.

आता प्रश्न आमच्यासमोर होता. अध्यक्ष आमच्या खोलीत म्हणाले, ‘तयार गाडी त्याने स्वतःच नेली नाही. पितृपक्ष हे काही कायद्यातले कारण नव्हे.’ दुसऱ्या सदस्यांनी मान डोलावली. मी म्हटले, ‘त्या पंधरवड्यात त्या शोरूमच्या पुढच्या दारातून एक तरी गाडी बाहेर पडली का, विचारा.’ मॅनेजरना आत बोलावून विचारले. ते खाली बघून म्हणाले, ‘नाही. ती हणमंतरावांची सुद्धा मागच्या फाटकातून काढली, अंधार पडल्यावर.’ म्हणजे रीत शोरूमही पाळत होते. बाबूरावांनी थांबा म्हटल्यावर त्यांनी हो म्हटले होते, पैसे ठेवून घेतले होते, आणि मग शिमग्यापर्यंत कंपनीचे नाव पुढे करून त्यांना हेलपाटे घालायला लावले होते. चूक गाडी द्यायला उशीर झाला एवढीच नव्हती. चूक होती ती खोटे सांगण्याची.

 अध्यक्ष फाइल माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘हा आदेश तुम्ही लिहा, मॅडम.’

दुसऱ्या सदस्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले. मला ते चांगलेच ओळखीचे होते. मला फार बरे वाटले.

आदेशातले एक वाक्य माझ्या मनात कधीचे तयार होते. दुसऱ्याला आपल्या आधी मिळालेले पाहून होणारी वेदना हीसुद्धा वेदनाच आहे आणि ती देणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागेल, अशा अर्थाचे. इंग्रजीत ते फार सुंदर झाले होते. मी ते घेऊन बसले होते, तेवढ्यात बाबूराव दारात आले.

‘बाई, पैशाचं व्याज नि केसचा खर्च काय द्यायचा तो द्या. पर मानसिक तरास तेवढा खोडा.’

‘का हो?’

‘आता न्हाई की तरास. गेला. आता हणमंतरावाला सुरू झालाय. त्येला पायजे तर त्यो केस घालील.’

तक्रारदारालाच नको म्हटल्यावर मला काही करता येईना. वाक्य गेले. बाकीचा आदेश मी लिहिला, एकही क्रियापद वाकडे न ठेवता. खाली सह्या झाल्या. माझी तिसरीच.

जाताना बाबूरावांनी पुरावा म्हणून फाइलपाशी ठेवलेला गोंडा उचलला आणि निकाल ऐकायला येऊन दारात उभ्या असलेल्या हणमंतरावांच्या हातात दिला. ‘घ्या. गाडी तर माझीच न्हेलीसा. नजर तरी लागू नये तिला.’ हणमंतरावांनी तो खिशात घातला. शालन आणि तिची बहीण पुढे बोलायला लागल्या, असे नंतर कळले. पहिल्यांदा कोण बोलली ह्यावर दोघींचे अजून एकमत नाही.

रेवा, त्या निकालानंतर माझा व्हिसा आला. मी तुमच्या दारात पोचले तेव्हा तू पुण्याच्या आजींच्या कडेवर होतीस. ‘बघ कोण आलंय, कोल्हापूरची आजी!’ त्या म्हणाल्या. तू माझ्याकडे एकदा पाहिलेस आणि त्यांच्या खांद्यात तोंड लपवलेस. मी ‘वा, वा’ म्हटले.

संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. हातात माझ्या निळ्या साडीचे दुपटे होते, धुऊन धुऊन आणखी मऊ झालेले. म्हणाल्या, ‘नर्सने पहिल्यांदा आणून दाखवली ना, ती ह्यातच गुंडाळलेली होती. आम्ही कुणी हात लावायच्या आधी ती तुमच्या साडीत होती.’ त्या पुण्याच्या आहेत. शब्द मोजून वापरतात. एवढे मोजून का दिले, ते मला कळले. मला चंचीतून गोंडा काढणाऱ्या शेवंताबाई आठवल्या, आणि मी विहीणबाईंचा हात हातात घेतला.

पण बाबूरावांनी त्रास खोडायला सांगितला होता. मी सांगितलेला नाही. दुपटे ठीक आहे. पहिल्या अंघोळीचे काय?

ह्या दिवाळीला तुम्ही दोघे इकडे येत आहात. नरकचतुर्दशीला पहिली अंघोळ कोल्हापुरात होईल. उटणे मी लावीन, तेल मी चोळीन, पहिला तांब्या मी घालीन. पुण्याला पाडव्याला जा. आता आम्ही मोठे झालो, ही हरकत ऐकून घेतली जाणार नाही. हा आदेश मी एकटीने लिहिला आहे, आणि त्यावर पहिली सही माझी आहे.

तुमची,
कोल्हापूरची आजी